दुसऱ्या रांगेतला प्रॉम्प्टर

पनवेलला नाट्यगृह नव्हते तेव्हा नाटके शाळेच्या मैदानावर होत. भाड्याच्या खुर्च्या, तिन्ही बाजूंनी कनात, मध्यंतरात वडे. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशाच एका मैदानावर आम्ही तिघांनी तिला पहिल्यांदा पाहिले. तेव्हा ती कॉलेजात होती. स्पर्धेत गाजलेली एकांकिका घेऊन त्यांचा संच गावोगाव फिरत होता. ती मासळी विकणाऱ्या बाईच्या मुलीचे काम करत होती.

आम्ही तिघे तोवर एकमेकांना ओळखत नव्हतो. मी एका दैनिकात उपसंपादक होते आणि त्या दिवशी सुट्टीवर होते. माझ्या डावीकडे एसटीतले वाहतूक नियंत्रक बसले होते, ज्यांना सगळे कंट्रोलर म्हणतात. उजवीकडे मासळीबाजारातली मावशी होती, उरणच्या बाजूची, कोळ्यांची. बाजारात तिचा ओटा तिसरा. एकांकिकेत ती मुलगी मासे कापायला बसली तशी मावशी खुर्चीत पुढे सरकली.

"बोट कापील ही," ती मोठ्याने म्हणाली.

पडदा पडल्यावर मावशी सरळ कनातीमागे गेली. मी कुतूहलाने मागोमाग गेले, कंट्रोलरही आले. मुलगी तोंडावरचा रंग पुसत होती. मावशीने तिचा हात धरून बोटे एकेक करून वळवली. "पोरी, कोयता पायाखाली दाबायचा आन मासा त्याच्यावर वडायचा. तू कोयताच हलवतंस. बाकी काम झ्याक हाय."

मुलगी हसली नाही. तिने तिथेच मेकअपच्या डब्यावर बसून दोनदा करून पाहिले. मग कंट्रोलरांकडे वळून विचारले, "तुम्ही काढलेली काही चूक आहे?"

कंट्रोलरांकडे होती. एका लांब वाक्याच्या शेवटी तिचा आवाज बसत होता आणि मागच्या रांगांना क्रियापद ऐकू जात नव्हते. माझीही होती. नाटकात बुधवार होता आणि तिच्या हातात रविवारची पुरवणी होती.

पुढे तो प्रघातच पडला. पनवेल, वाशी, ठाणे, कल्याण, जिथे प्रयोग असेल तिथे आम्ही जायचो. मावशी डबा न्यायची, जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या. प्रयोग संपला की ती मुलगी डबा घ्यायची, मागच्या वेळचा धुतलेला डबा परत द्यायची आणि विचारायची, "आजची चूक?" प्रत्येकाने एकच सांगायची. स्तुती केलेली तिला चालत असे, पण ती चुकीनंतर.

कंट्रोलर काकांविषयी इथे सांगायला हवे. ते मूळचे शिरढोणचे. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक होई आणि वीस वर्षे काका त्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते. पडद्याआड स्टुलावर बसायचे, मांडीवर नाटकाची वही, हातात बॅटरी. नट अडला की मनात तीन मोजायचे आणि वाक्य टाकायचे. तीनच्या आत टाकले तर नट चिडतो, तीनच्या पुढे गेले तर प्रेक्षकांना कळते. हा त्यांचा नियम. नोकरीतही त्यांचे काम आवाजाचेच होते. पनवेल स्थानकात अलिबागची गाडी कुठल्या फलाटाला लागली हे सांगणारा आवाज पुष्कळ वर्षे त्यांचा होता. कर्णा बंद पडला तरी त्यांचे अडत नसे.

नाटकात काका मान खाली घालून, डोळे मिटून बसत. मावशी मला कोपराने ढोसून म्हणायची, "झोपले बग कंट्रोलर. तिकिटाचं पैसं पान्यात." पण शेवटी सगळ्यांत बारीक चूक काकांचीच असे, त्यामुळे ते झोपत नाहीत हे आम्हाला ठाऊक होते.

तिचे काम वाढत गेले. आधी व्यावसायिक नाटकात धाकट्या मुलीचे, मग थोरल्या सुनेचे. मग संध्याकाळी सातची मालिका आली आणि काकांनी ड्युटी बदलून घेतली. चित्रपट आला तेव्हा मावशीने बाजारातल्या अकरा बायका गोळा केल्या आणि दुपारच्या खेळाला नेल्या. मध्यंतरानंतर तिला एकच प्रसंग होता. "एवढ्यासाठी वटा बंद केला?" म्हणून बायकांनी मावशीला आठवडाभर सुनावले. मालिकेतल्या आणि सिनेमातल्या चुका आम्ही साठवून ठेवत असू आणि पुढच्या प्रयोगाला सांगत असू. ती कधीकधी हात जोडायची. "काका, ते सहा महिन्यांपूर्वीचं आहे हो. आता त्याचं मी काय करू?"

मग ती पडली. मालिकेचे बाहेरगावी चित्रीकरण चालू असताना दगडी पायऱ्यांवरून घसरली आणि डोक्याला मार लागला. बातमी आमच्या टेबलावर चार ओळींची आली. पहिले तीन महिने तिच्याविषयी काहीच कळले नाही. नंतर ती सेटवर परतल्याचे ऐकले आणि लगेच मालिकेतली तिची भूमिका दुसरीला दिल्याचेही. आमच्याकडे सिनेमाचे पान पाहणारा सहकारी एक दिवस म्हणाला, "तिचं पाठांतर गेलं म्हणतात. कॅमेऱ्यामागून एकेक वाक्य वाचून द्यावं लागत होतं." त्याला हे दोघांनी सांगितले होते. दोघेही तिच्याबरोबर काम करणारे नव्हते.

मी ते तिघांत सांगितले. मावशीने त्या सहकाऱ्याच्या तोंडाला जे म्हटले ते इथे लिहीत नाही. काका म्हणाले, "सेटवर चालतं तसं. रंगमंचावर नाही चालत. तिथे मागून कोण देणार?"

पाठांतर गेले असेल तर तिचे नाटक संपले, एवढाच त्याचा अर्थ होता. नाटक ही एकच जागा होती जिथे ती आम्हाला भेटत असे.

वर्षभराने जाहिरात आली. तिचे गाजलेले जुने नाटक नव्या संचात येत होते, मुख्य भूमिकेत तीच. तोवर पनवेलला नाट्यगृह झाले होते. दुसराच प्रयोग तिथे होता, शनिवारी दुपारी चार वाजता. काका निवृत्त होऊन करंजाड्याला मुलाकडे राहायला गेले होते. तिकीट खिडकी उघडायच्या आधी ते रांगेत उभे होते. आम्हाला दुसऱ्या रांगेतल्या मधल्या तीन खुर्च्या मिळाल्या.

नाटक आम्हाला पाठ होते. नवरा घर सोडून गेलेला असतो. शेवटच्या प्रवेशात तो अनेक वर्षांनी दारात उभा राहतो आणि विचारतो, "आत येऊ?" ती म्हणते, "चपला बाहेर काढून ये." जुन्या संचात हे उत्तर ताडकन येई आणि सगळे नाट्यगृह हसे.

पहिले दोन अंक ती कुठे अडखळली नाही. आवाज थोडा जाड झाला होता. मध्यंतरात मावशी म्हणाली, "पोरगी शाबूत हाय." काकांनी फक्त मान हलवली. शेवटचा प्रवेश आला. दारात नवरा. "आत येऊ?"

ती बोलली नाही.

नाट्यगृहात कुणीतरी खोकले. ती बोलली नाही. माझ्या शेजारी काका मान खाली घालून, डोळे मिटून बसले होते. त्यांची उजव्या हाताची बोटे मांडीवर हलताना मला दिसली. एक, दोन, तीन. मग चौथे. मग अंगठा. मी त्यांच्या मनगटाला हात लावणार तोच काका बोलले.

"चपला बाहेर काढून ये."

आवाज चढवला नव्हता, पण तो स्थानकातला आवाज होता. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला. सगळे हसले, जुन्या प्रयोगांपेक्षा जास्त. बाल्कनीतून कुणी ओरडले, "अरे, एक रोल द्या काकांना!" शिट्टी झाली. ती प्रेक्षकांकडे वळली नाही. हसू ओसरू दिले आणि मग हळू आवाजात तेच वाक्य म्हणाली. पडदा पडला.

त्या दिवशी आम्ही मागे गेलो नाही. डबा मावशीच्या पिशवीत तसाच राहिला. बाहेर पायऱ्यांवर लोक बोलत होते, "विसरली बिचारी. त्या माणसानं सावरलं." काकांनी ते ऐकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि रिक्षात बसून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत हा किस्सा गावातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मुख्य उपसंपादकांनी विचारले, "पनवेलला प्रेक्षकानं वाक्य दिलं म्हणे. तू होतीस ना? चार ओळी दे."

"ती विसरली होती का, ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग काय झालं होतं?"

"तेही माहीत नाही."

"खातरजमा कर आणि मग दे," ते म्हणाले. बातमी थांबली. थांबलेली बातमी आपोआप मरत नाही, दुसरा कुणीतरी ती देतो. आठवड्यात एका स्थानिक केबल वाहिनीने ती दिलीही.

काका फोन उचलत नव्हते. मी आणि मावशी करंजाड्याला गेलो. सुनेने चहा दिला. काका गॅलरीत बसले होते.

"ती विसरली होती," ते म्हणाले. "वीस वर्षं मी हेच केलंय. अडलेल्या माणसाची शांतता मला कळते."

"मंग तुमी तिला वाचवलंत," मावशी म्हणाली.

"वाचवलं? सगळ्या गावाला दाखवून दिलं मी. आतापर्यंत नुसती कुजबुज होती. आता पुरावा झाला, आणि तो माझ्या तोंडचा." थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझी चूक निघू दे. मी उगाच बोललो, तिचं काम बिघडवलं, असं निघू दे. नायतर तिचं संपलं." माइकवरची मराठी सोडून काका गावच्या बोलीवर आलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

खातरजमा करायचा एक मार्ग होता. शांतता ठरवून घेतलेली असेल तर ती दर प्रयोगाला तेवढीच भरेल. विसरली असेल तर कमीजास्त होईल. वाशीच्या प्रयोगाला मी आणि मावशी गेलो आणि मी मोबाइलवर वेळ मोजली. "आत येऊ?" पासून उत्तरापर्यंत नऊ सेकंद. पुढच्या आठवड्यात कल्याणला गेलो. पुन्हा नऊ. दोन्ही ठिकाणी कुणी हसले नाही. सगळे गप्प होते आणि माझ्या मागच्या रांगेत एक बाई नाक पुसत होती.

मी आनंदाने करंजाडे गाठले. मावशीही होती. काकांनी आकडे ऐकून घेतले.

"यानं काही ठरत नाही," ते म्हणाले. "विसरायची जागा ठरलेली असते. आमच्या गावच्या नाटकातला राजा दर साल त्याच वाक्याला अडायचा. बारा वर्षं. मी तीन मोजायचो, वाक्य टाकायचो, तो पुढं चालायचा. त्याचं अडणंही दर साल तेवढंच असायचं."

मी मोबाइल पिशवीत टाकला.

"हात काय करत होते तिचे?" काकांनी विचारले. "विसरलेल्या माणसाचे हात आधी थांबतात. मग तो पदर धरतो, नाहीतर उपरणं. जुने नट सांगायचे."

मी सांगू शकले नाही. दोन्ही प्रयोगांना त्या नऊ सेकंदांत मी मोबाइलच्या पडद्याकडे पाहत होते.

"हात?" मावशी म्हणाली. "हात घड्या घालत व्हते. नवऱ्याचा शर्ट हाय ना त्यो धुन्यातला, त्याची घडी. आधी एक बाही, मंग दुसरी, मंग कॉलर. येकपन घडी वाकडी नाय. वाशीला बी तसंच आन कल्यानला बी तसंच."

काका तिच्याकडे बघत राहिले. "पनवेलला?"

"पनवेललापन. तुमी बोललात तवा दुसऱ्या बाहीवर व्हती."

"मला नाही दिसलं."

"दिसंल कसं? डोळं मिटून बसता नाटकाला!"

काकांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली जी आम्हाला इतकी वर्षे माहीत नव्हती. प्रॉम्प्टरला रंगमंचाकडे बघायची मुभा नसते. नजर वहीवरून हलली तर ओळ हरवते. वीस वर्षे त्यांनी गावचे नाटक असेच केले, मान खाली घालून, कानांनी. नंतर प्रेक्षकांत बसले तरी मान वर होईना. तिचे सगळे नाटक त्यांनी ऐकले होते. पाहिले फार थोडे.

ठाण्याचा प्रयोग रविवारी दुपारी होता. काका यायला तयार झाले, एका अटीवर. खुर्ची शेवटच्या रांगेत हवी. मावशीचीही अट होती. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला सुका बोंबील काढून दाखवला. "तोंड उगाडलंत तर ह्यो कोंबीन. वास चार दिस जायाचा नाय."

शेवटच्या प्रवेशाला काकांनी मान वर केली. मी मोबाइल बाहेर काढला नाही. दारात नवरा. "आत येऊ?"

तिच्या हातात शर्ट होता. तिने तो मांडीवर पसरला. डावी बाही आत घेतली. हात फिरवून सुरकुती काढली. उजवी बाही. काकांची बोटे मांडीवर हलली, तिसऱ्यावर थांबली आणि मग नुसती पडून राहिली. कॉलर. तिने शर्ट दुमडून धुण्याच्या ढिगावर ठेवला, सर्वांत वर, आणि त्यावर तळवा दाबला. मग दाराकडे न बघता म्हणाली, "चपला बाहेर काढून ये."

कुणी हसले नाही. काकांनी श्वास सोडला तो पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहावे इतका मोठा होता.

आम्ही मागे गेलो. तिने मावशीला मिठी मारली, डबा घेतला. "पनवेलला आला नाहीत. जुना डबा अजून माझ्याकडेच पडलाय. आजची चूक?"

"आज तुजी नाय," मावशी म्हणाली आणि काकांना दंडाला धरून पुढे केले.

तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. "म्हणजे तो आवाज तुमचा होता. तरीच. मी विचार करत होते, हा आवाज मी कुठे ऐकलाय."

काकांनी मान डोलावली.

"बसा," ती म्हणाली. काका बसले. ती बसली नाही. "काका, ही जागा मी दोन महिने शोधत होते. पूर्वी लोक त्या वाक्याला हसायचे, आणि मला ते हसू नको होतं. शर्टाची घडी ठरवली, मनात नऊ आकडे मोजायचे ठरवले. पहिल्या प्रयोगाला कुणी हसलं नाही. दुसऱ्याला तुम्ही सगळं नाट्यगृह हसवलंत. तुम्ही! बाहेरचं कुणी असतं तर मी समजून घेतलं असतं."

"मला वाटलं, तू विसरलीस."

"लोक बोलतात ते ऐकलं होतं?"

"हो."

तिचा आवाज खाली आला. "ते खोटं नव्हतं. सात-आठ महिने काही राहत नव्हतं डोक्यात. आई किराण्याची यादी पाठ करायला लावायची. तूरडाळ, रवा, साबण. ती मी दुकानात जाऊन न बघता सांगायची. सुरुवातीला तीन वस्तूंच्या पुढे जाईना. आता नाटक येतं आणि याद्याही येतात, त्या काही जात नाहीत." मग पुन्हा आवाज चढला. "पण ते तुम्ही मला विचारायचं होतं. चूक पडदा पडल्यावर सांगायची असते, हा आपला नियम आहे ना? पुन्हा प्रयोगात बोललात तर तुम्हाला तिकीट देऊ नका म्हणून सांगेन. सगळ्या नाट्यगृहांत."

ती खरोखर चिडली होती. कान लाल झाले होते. काका खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होते. ते आवरायचा प्रयत्न ते करत होते, पण जमत नव्हते.

"हसताय काय?"

"काही नाही," काका म्हणाले. "बोल तू. अजून बोल."

कार्यालयात दुसऱ्या दिवशी मी मुख्य उपसंपादकांना सांगितले की पनवेलची बातमी होत नाही, विराम ठरवून घेतलेला होता. किराण्याच्या याद्यांविषयी सांगितले नाही. त्यांनी टिपणावर रेघ मारली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रविवारी आम्ही ठाण्याहून पनवेलच्या एसटीत बसलो तेव्हा उजेड होता. काका खिडकीशी. मावशी मध्ये, मांडीवर रिकामी पिशवी. बोंबील तिने ठाण्याच्या थांब्यावरच्या मांजराला घातला होता.

"लई झापलं तुमाला," मावशी म्हणाली.

"लई."

"आन तुमी हसत व्हता. लाज नाय वाटली?"

"बाई, आमचा राजा अडायचा ना, त्याला मी वाक्य दिलं की तो नाटक संपल्यावर माझे पाय धरायचा," काका म्हणाले. "वीस वर्षांत मला कुणी झापलं नाही. सगळ्यांना वाक्य लागतच होतं. हिला लागत नव्हतं."

मावशीने यावर विचार केला. काही बोलायला ती वळली, तर काकांचे डोळे मिटलेले होते, मान खिडकीच्या गजावर पडली होती आणि तोंड उघडे होते. कळंबोलीचा वळसा आला तरी जागे झाले नाहीत.

तिने मला कोपराने ढोसले. "ह्ये बग," ती म्हणाली. "आज खरंच झोपले."